पेटीतली ट्यूब

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला धीराचा समजायला नको. लेहमध्ये आम्ही वीसेक मिस्त्री आहोत, उन्हाळाभर खालून येणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारसायकलींबरोबर खिंडी ओलांडणारे. तुकडीतली सगळ्यात शेवटची गाडी माझी. शेवटच्या गाडीवर हत्यारं आणि सुटे भाग असतात. पुढे कुणाचं काही मोडलं की मागून मी पोचतो. सव्वीस वर्षं हेच करतोय, आणि सव्वीस वर्षं रोज सकाळी सामान भरताना माझे तेच प्रश्न सुरू होतात. क्लचची केबल तुटली तर? म्हणून एक जादा घ्यायची. तीही तुटली तर? म्हणून आणखी एक. शेवटी माझ्याकडे दोन हातोडे असायचे, कारण पहिल्याचा दांडा निखळला तर काय करायचं, हा विचार मला झोपू द्यायचा नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन मोठे डबे आहेत. ते पाहून पुंचोक दर वेळी हसायचा. पुंचोक माझ्याच वयाचा, माझ्याच गल्लीतला, आणि एका पान्यावर अख्खी खिंड ओलांडणारा. थिनलेस, म्हणजे मी, मागे राहिला तर काळजी करू नका, तो जिथे थांबेल तिथे बाजार भरेल, असं तो पाहुण्यांसमोर सांगायचा. मी ऐकून घ्यायचो. भित्र्या माणसाला टोमण्यांची सवय करावीच लागते.

आता पेटीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. रुमचुंग नाल्याच्या अलीकडे, उंच माळावर, रस्ताकामगारांची एक जुनी दगडी खोली आहे. त्या खोलीत मेमे त्सेतनांनी एक लोखंडी पेटी ठेवली होती. मेमे म्हणजे आजोबा. आम्हा सगळ्या मिस्त्र्यांना पाना धरायला त्यांनीच शिकवलं. पेटीत ट्यूब, केबली, प्लग, चेनच्या कड्या, तार असं सगळं असायचं. कुलूप नव्हतं. ज्याचं अडलं असेल त्याने घ्यायचं आणि पुढच्या फेरीला तीच वस्तू परत ठेवायची, एवढाच नियम. प्रत्येक वस्तूवर मेमे घराच्या भिंतीला लावायच्या तांबड्या मातीचा एक ठिपका द्यायचे. पेटीच्या तळाला आणि चारी बाजूंना मेंढीची लोकर दाबून भरलेली असायची. खडबडीत रस्त्यावर आपण विसरतो पण सामान एकमेकांना घासत राहतं, असं ते म्हणायचे, आणि ट्यूब तर लोकरीत गुंडाळल्याशिवाय आम्हाला हातात घेऊ द्यायचे नाहीत. मेमे जाऊन तीन वर्षं झाली. पेटी मात्र आम्ही चालू ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, मी तिथून शेवटची फेरी करून उतरत होतो. आभाळ भरून आलेलं. खोलीत थांबलो, पेटी उघडली. मागच्या चाकाच्या दोन ट्यूब होत्या. माझं काहीही अडलेलं नव्हतं. माझ्या डब्यात माझी स्वतःची ट्यूब होती. पण बाहेर वारा सुटला होता आणि मनात आलं, दोन पंक्चर झाली तर? मी एक ट्यूब उचलली. वसंतात परत ठेवू असं स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर माझी ट्यूब जुनी झालीये म्हणून फेकून दिली आणि पेटीतली वापरायला ठेवली. तिच्याभोवतीचा लोकरीचा तुकडा काढून टाकला, कारण दुसरा हातोडा डब्यात मावत नव्हता.

पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात देस्कित आली. माझ्या थोरल्या बहिणीची, आचे यांगदोलची एकुलती एक मुलगी. सहा वर्षं चंदीगडला शिकली, तिथेच एका सहलीच्या कचेरीत काम केलं, आणि आता स्वतःच्या तुकड्या काढायच्या म्हणून घरी परतली. रस्ता नुकताच उघडला होता. पाहुणे यायच्या आधी तंबूंच्या जागा बघून येऊ, नाल्यांचं पाणी बघू, असं ती म्हणाली. रविवारी विमानाने उतरली आणि बुधवारी सकाळी माझ्या मागे बसली. निघताना आचेने मला बाजूला घेतलं आणि माझी मुलगी तुझ्या हवाली करतेय, असं सांगितलं. मला ती गोष्ट आवडली नाही. कुणी काही हवाली केलं की मला घाम फुटतो.

खालून येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही दोन-तीन दिवस खोलीबाहेर पडू देत नाही. जिना चढू नका, अंघोळ करू नका, पाणी प्या, अशी दमदाटी करतो. देस्कितला मात्र कुणी हे सांगितलं नाही; ती तिन्ही दिवस बाजारात हिंडत होती. आपल्याच मातीतली पोर, तिला कसली उंची लागणार? आचेला वाटलं नाही, देस्कितला वाटलं नाही, आणि तीन क्लच केबली घेणाऱ्या मलाही वाटलं नाही. खरं तर मला ठाऊक होतं. पुंचोकचा चुलता दहा वर्षं दिल्लीत राहून घरी आला आणि चौथ्या दिवशी छातीत पाणी होऊन गेला होता. त्याच्या मयताला मी खांदा दिला होता. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिली रात्र आम्ही मेंढपाळांच्या तंबूत काढली. सकाळी देस्कितने सातूचं पीठ तसंच ठेवलं, लोण्याचा चहा अर्धाच प्यायली. खोकत होती. धूळ गेली घशात, म्हणाली. मला बरं वाटलं, कारण धुळीवर माझ्याकडे उपाय होता. डब्यात फडकी होती. खिंड ओलांडताना तिने एकही फोटो काढला नाही. वर प्रार्थनेच्या झेंड्यांपाशी थांबलो तेव्हा ती गाडीवरून उतरली नाही. मी विचारलं तर हसून म्हणाली, "आझांग, मी इथलीच आहे हो." आझांग म्हणजे मामा. मी गाडी पुढे काढली.

खिंडीच्या पलीकडे सात-आठ किलोमीटर वाळूचा माळ आहे. वाळूत चाक रुतू नये म्हणून मी मागच्या टायरमधली थोडी हवा सोडली. दोन माणसं, दोन डबे, दोन हातोडे, आणि कमी हवा. पाहुण्यांनी असं केलं तर मी त्यांच्यावर ओरडतो. घाई होती. रुमचुंग नाला दुपारी दोनच्या आत ओलांडावा लागतो. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असणारं पाणी तीन वाजता गाडी वाहून नेतं.

अकरा वाजता मागचं चाक बसलं.

मी खाली उतरून पाहिलं. टायर रिमवरून सरकला होता आणि त्याने ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटला होता. असं फाटलेलं जोडता येत नाही. पण मला फारशी भीती वाटली नाही, हे आश्चर्यच. मी पहिल्यांदाच विचार केला की बघा, म्हणूनच तर एवढं घेऊन फिरतो. देस्कितला दगडाला टेकवून बसवलं, चाक खोललं, टॉमी, म्हणजे चपटी सळई, घालून टायर उतरवला, आणि डब्याच्या तळातून ट्यूब काढली.

ती हातात घेतली तेव्हाच कळलं. पान्यांच्या खोक्याचा कोपरा आणि दुसऱ्या हातोड्याचं तोंड यांच्यामध्ये ती आदल्या सप्टेंबरापासून घासली जात होती. पाच ठिकाणी आरपार भोकं, आणि भोकांच्या मधलं रबर कांद्याच्या सालीएवढं उरलेलं. व्हॉल्व्हपाशी तांबडा ठिपका होता. मी त्यावर अंगठा ठेवला आणि ट्यूब उलटी केली.

मग मी ठिगळं लावायला बसलो. माझ्याकडे बारा ठिगळं होती. खरडलं, रबराचं सोल्युशन लावलं, दाबलं, हवा भरली. ठिगळाच्या शेजारी फाटलं. तिथे लावलं. त्याच्या शेजारी फाटलं. ठिगळं संपली तेव्हा साडेबारा झाले होते आणि ट्यूब माझ्या मांडीवर निपचित पडली होती.

"झालं का?" देस्कितने विचारलं.

मी वळून पाहिलं. तिचे ओठ शाईच्या रंगाचे झाले होते. ती बसल्या जागी धापा टाकत होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या छातीतून आवाज येत होता, पाणी उकळायच्या आधी किटली आतून बोलते तसा. हा आवाज मी पाहुण्यांच्या छातीत दोनदा ऐकला आहे. एकाला आम्ही वेळेत खाली उतरवलं. दुसऱ्याला नाही.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी सांगतो. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की तिला खाली न्यायला हवं, आत्ता, आणि खाली नेणारं चाक माझ्यासमोर रिकामं पडलं आहे. लष्कराच्या तळावर ऑक्सिजन होता, पण तो नाल्याच्या पलीकडे, एकवीस किलोमीटरवर. फोनला इथे कधीच रेंज नसते. रस्ता उघडून तीन दिवस झालेले, सकाळपासून एक गाडी दिसली नव्हती. माझ्या दोन डब्यांत चाळीस किलो लोखंड होतं. त्यातलं काहीही तिच्या छातीत हवा भरू शकत नव्हतं.

दगडी खोली पुढे दीड किलोमीटरवर होती. मी देस्कितला उठवून नीट बसवलं, पाठीमागे तिची झोपायची पिशवी लावली, माझा लोकरी अंगरखा तिच्याभोवती गुंडाळला. झोपू नकोस, झोपलीस तर पाणी वर येईल, असं सांगितलं. तिने मान हलवली.

"पेटीत ट्यूब असेल ना?"

"असेल," मी म्हणालो.

एक तर असायलाच हवी होती. दोन होत्या, मी एक नेली. वाटेत मी हेच घोकत होतो. त्या उंचीवर पळता येत नाही. पन्नास पावलं टाकायची, कमरेत वाकून श्वास घ्यायचा, पुन्हा पन्नास. दर वेळी वाकलो की मागे बघायचो. ती लहान होत चालली होती. एकदा वाटलं, आडवी पडली. अर्धं अंतर परत जाऊ का, या विचारात तिथेच उभा राहिलो, ना पुढे ना मागे. मग तिचा हात हलल्यासारखा वाटला आणि मी पुढे निघालो. तो खरंच हलला होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

खोलीचं दार वाऱ्याने उघडं पडलं होतं. पेटी जागेवर होती. झाकण उघडलं. केबली होत्या, तीन. प्लग होते, डबीत. चेनच्या कड्या, तार, चिकटपट्टी, ब्रेकचे दोन लिव्हर, सगळ्यावर तांबडे ठिपके. पुढच्या चाकाची ट्यूब नव्हती. मागच्या चाकाची नव्हती. दुसरी ट्यूब कुणाचं तरी अडलं म्हणून त्याने नेली असणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पेटी त्यासाठीच होती. पण पहिली ट्यूब मागे वाळूत पडली होती, माझ्या बारा ठिगळांसकट. ती मी नेली नसती तर ती इथे असती, लोकरीत गुंडाळलेली, धड.

मी पेटीच्या कडेला धरून रडलो. मोठ्याने. ऐकायला कुणी नव्हतं.

रडताना माझे हात पेटीत होते आणि बोटांना लोकर लागत होती. मऊ, दाट, मेमेंनी ठासून भरलेली. किती होती ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी ओढू लागलो तर ती संपेना. तळातून, बाजूंतून, झाकणाच्या आतून. मेमेंनी एकदा सांगितलं होतं की त्यांच्या तरुणपणी ते टायरमध्ये वाळलेला चारा कोंबून गाडी घरी घेऊन आले होते. माळावर चारा नव्हता. मी पेटी उघडी बोडकी केली आणि लोकर सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्यांत भरली.

परत आलो तेव्हा देस्कित बसलेलीच होती, पण डोळे अर्धे मिटलेले. ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस होता. मी तो पुसला आणि तिच्याशी बोलत बोलत टायरमध्ये लोकर कोंबू लागलो. काय बोललो ते आठवत नाही. तिच्या लहानपणचं काहीतरी, बकरीचं. टॉमीच्या टोकाने लोकर ठासायची, हाताने दाबायची, पुन्हा ठासायची. ती पुरली नाही तेव्हा तिची झोपायची पिशवी फाडली आणि आतला कापूस भरला. माझा स्वेटर भरला. नखं उलटली. टायर फुगला नाही, पण रिमला लागेनासा झाला.

चाक बसवलं आणि मग डब्यांकडे पाहिलं. एवढं वजन त्या चाकाला झेपणार नव्हतं. डब्यांचे बोल्ट काढताना माझा हात अडखळला, याची मला लाज वाटते. मुलगी समोर फेस ओकत होती आणि मला वाटत होतं, निदान चौदाचा पाना ठेवू का? निदान पकड? मी दोन्ही डबे रस्त्याच्या कडेला ठेवले आणि मागे वळून पाहिलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी एक स्क्रूसुद्धा नव्हता.

देस्कितला मागे बसवलं, माझ्या कमरेच्या पट्ट्याने तिला माझ्या पाठीशी आवळून बांधलं. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर आली आणि तो आवाज माझ्या कानात. गाडी माणूस भरभर चालतो त्याहून थोड्या जास्त वेगाने चालवत होतो. मागचं चाक गचके देत होतं, डावीकडे सरकत होतं, आणि थोड्या वेळाने जळक्या लोकरीचा वास यायला लागला. लोसरला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, बोकडाचं डोकं भाजताना येतो तो वास. तो वास आला की मी थांबायचो, चाक निवेपर्यंत साठ आकडे मोजायचो, आणि कानातला आवाज ऐकायचो. आवाज असला की मी घाबरायचो. क्षणभर थांबला की त्याहून जास्त.

नाल्यापाशी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

पाणी राखाडी झालं होतं. पाण्याखाली दगड गडगडत होते. त्यांचा आवाज पायांतून वर येत होता. एरवी मी काठी घेऊन आधी चालत जातो, खोली बघतो, दगड हेरतो, पाहुण्यांना अर्धा तास ताटकळत ठेवतो. एरवी मी अशा पाण्यात उतरतच नाही. अलीकडेच तंबू ठोकतो आणि सकाळची वाट बघतो. देस्कितला सकाळ नव्हती.

मी तिला म्हणालो, "घट्ट धर."

तिने धरलं नाही. तिच्या हातांत जीव नव्हता. पट्टाच काय तो होता. मी ओम मणि पद्मे हुं म्हणायला सुरुवात केली, मध्येच पुढचे शब्द विसरलो, आणि गाडी पाण्यात घातली. पाणी इंजिनाला लागलं आणि वाफ उठली. चाकातल्या लोकरीने पाणी पिऊन घेतलं, मागची बाजू जड झाली, गाडी खाली ओढली जाऊ लागली. मध्यावर पुढचं चाक एका दगडावर चढलं आणि आम्ही दोघं डावीकडे झुकलो. मी पाय टेकवला. पाणी मांडीपर्यंत आलं आणि एक दगड माझ्या नडगीवर आदळला. मी ओरडलो. पण हात ढिला केला नाही. ढिला करायला मला भीती वाटत होती, एवढंच. त्या पाण्यात पडलो असतो तर पट्ट्याने बांधलेले दोघं एकत्र गेलो असतो, आणि पट्टा कापायला माझ्याकडे चाकूसुद्धा नव्हता.

पलीकडे चढलो. इंजिन चालू होतं. नाल्याच्या आवाजात तिचा श्वास ऐकू येत नव्हता. मी थोडं पुढे जाऊन थांबलो, इंजिन बंद केलं आणि हाक मारली. काही नाही. पुन्हा हाक मारली. मागे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती; पट्ट्यामुळे वळताही येत नव्हतं. मी तसाच पुढे बघत बसलो. मग माझ्या मानेवर काहीतरी ओलं उडालं. ती खोकली होती.

तळावर तिला लगेच ऑक्सिजन लावला, सुई दिली आणि संध्याकाळपर्यंत रुग्णवाहिकेने नदीकाठच्या दुसऱ्या रस्त्याने खाली लेहला पाठवलं. लेहच्या इस्पितळातला डॉक्टर, कारगिलकडचा एक तरुण, माझ्यावर चिडला. हिला कुठून आणली, म्हणाला. चंदीगडहून रविवारी आली, असं मी सांगितलं. मग आराम का नाही केला, या प्रश्नावर मी म्हणालो की ती इथलीच आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी देस्कित उशीला टेकून बसली होती, नाकात नळी. आचे यांगदोल तिला शेवयांचा पातळ थुक्पा भरवत होती. आचेला सगळ्यांनी सांगितलं होतं की तुझ्या भावाने मुलीला वाचवलं, आणि ती दर तासाला माझ्या हाताला हात लावत होती. तेवढ्यात पुंचोक आला. तो वरून येत होता. माझे डबे त्याला रस्त्यात सापडले होते. या वेळी तो हसला नाही. लोकरीच्या चाकावर रुमचुंग ओलांडलास, म्हणाला, मी असतो तर माझ्याच्याने झालं नसतं. मग त्याचा चेहरा बदलला. पेटी बघितली, ट्यूब नाहीये, म्हणाला. आदल्या ऑक्टोबरात त्याने एक नेली होती, पाहुण्याचं चाक फुटलं म्हणून, आणि तेव्हा तिथे ती एकच होती. परवा जाताना परत ठेवणारच होता. पण दुसरी कुठे गेली? सप्टेंबरात त्याने दोन मोजल्या होत्या.

"ज्याने नेली त्याच्या घरात असं कुणी आजारी पडलं म्हणजे कळेल त्याला," पुंचोक म्हणाला.

आचेने चमचा खाली ठेवला आणि तिनेही त्याला दोन शिव्या घातल्या, त्या न पाहिलेल्या माणसाला.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मला वाटलं होतं, नाल्यापेक्षा मोठी भीती आता आयुष्यात येणार नाही. आली. गप्प राहिलो असतो तर कुणाला कधीच कळलं नसतं. ट्यूब माळावर वाळूत होती. वाऱ्याने एव्हाना झाकली असेल. आचेने पुन्हा माझ्या हातावर हात ठेवला होता.

मी म्हणालो, "मी नेली."

कुणाला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. सप्टेंबरात, काही अडलेलं नसताना. लोकर फेकून दिल्याचं सांगितलं, हातोड्याचं सांगितलं. आचे माझ्याकडे बघत राहिली आणि तिने हळूच हात मागे घेतला. पुंचोक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

देस्कितने नळी नाकातून बाजूला केली. तिचा आवाज अजून फुटत नव्हता.

"मला माहीत होतं, आझांग. तुम्ही ठिपक्यावर अंगठा ठेवलात तेव्हाच दिसला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला श्वास कुठे होता?"

तिने नळी परत लावली. पुंचोक निघून गेला. आचे माझ्याशी दोन महिने बोलली नाही.

माझे डबे पुंचोकने रिकामेच परत आणले. त्यातलं सगळं त्याने पेटीत टाकलं होतं, दुसऱ्या हातोड्यासकट, आणि माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. जुलैत मी दोन ट्यूब आणि एक गोणी लोकर घेऊन वर गेलो, पेटी पुन्हा भरली, ठिपके दिले. तेव्हापासून आमच्यात एक नवी पद्धत पडली आहे. कुणी ठरवली नाही. पेटीपाशी थांबलो की निघायच्या आधी कुणीतरी माझे डबे उघडून बघतं. पुंचोक असला तर पुंचोक, नाहीतर दुसरा. पाहुण्यांसमोर. कुणी टोमणा मारत नाही. मी हात बाजूला करून उभा राहतो.

या उन्हाळ्यात देस्कितची पहिली तुकडी निघाली. ती विमानाने आली नव्हती, तरी आठवडाभर घरात बसून राहिली, आणि शेवटच्या गाडीवर तिने मलाच घेतलं. आचेला विचारलं की नाही, मला माहीत नाही. खोलीपाशी सगळे थांबले. बाकीचे मिस्त्री चहा घेत होते. देस्कित चालत माझ्या गाडीपाशी आली आणि तिने डबा उघडला. मी घाबरलोच, काही चोरलेलं नसताना. तिने वरची हत्यारं बाजूला केली नाहीत, मोजलीही नाहीत. सरळ तळाशी हात घातला, ट्यूबच्या खाली, आणि मूठभर लोकर चाचपून बघितली. मग झाकण लावलं.

"चला," ती म्हणाली. "दोनच्या आत नाला ओलांडायचाय."